वर वेल नाही, खाली शेंग: एका छोट्या क्रोमाइट खाणीचे प्रकरण

या प्रकरणातले शेतमालक, गाडीवान आणि खाणकामगार यांची नावे गाळली आहेत. खाणींची आणि सार्वजनिक इतिहासात नोंद असलेल्या माणसांची नावे तेवढी ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड या राज्यांच्या सीमेलगत ऑक्टोरारो नावाचा मोठा ओढा वाहतो. त्याच्या एका वळणावर, पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीत, वुड खाण होती. १८२८च्या सुमारास सुरू झालेली ही खाण १८८०च्या आसपास कायमची थांबली. मधल्या पन्नासेक वर्षांत तिने अंदाजे ९५ हजार टन क्रोमाइट, म्हणजे क्रोमियम धातूचे खनिज, दिले आणि तिचा तळ सातशे फुटांच्याही खाली गेला. आकडा भारदस्त वाटेल, पण ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यातली एखादी मोठी खाण आज एवढा माल एका वर्षात सहज काढते. म्हणजे आजच्या मापाने वुड खाण छोटीच. तिच्या काळात मात्र जगाच्या बाजाराची किल्ली तिच्याकडे होती.

क्रोमाइट म्हटले की आज आपल्याला स्टेनलेस स्टील आठवते. त्या काळी स्टीलचा आणि क्रोमाइटचा काही संबंध नव्हता. व्होकलँ या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला १७९७ मध्ये सायबेरियातून आलेल्या एका लाल खनिजात क्रोमियम सापडले आणि त्याचा पहिला उपयोग झाला तो रंगासाठी. आधी क्रोम यलो हा झळझळीत पिवळा आला. मग १८२०च्या सुमारास पोटॅशियम डायक्रोमेट कापडाच्या छपाईत आणि रंगाईत शिरले. इंग्लंड-स्कॉटलंडच्या गिरण्यांतली छिटे छापायला ते लागू लागले. थोडक्यात, हे रंगाऱ्यांचे खनिज होते. मागणी टनावारी होती, लाखो टनांची नव्हती, आणि भाव चढा होता.

बाल्टिमोर शहराच्या उत्तरेला बेअर हिल्स नावाच्या उजाड टेकड्या आहेत. तिथे टायसन या क्वेकर व्यापारी कुटुंबाची जमीन होती. साधारण १८१०च्या आगेमागे तिथला काळा, जड दगड क्रोमाइट असल्याचे ओळखले गेले. याच कुटुंबातला आयझॅक टायसन (जन्म १७९२) या प्रकरणातला मुख्य निर्णयकर्ता. निर्णय त्याने चार-पाच घेतले. त्यातला एक फार हुशारीचा होता, आणि एकाची किंमत शहराने त्याच्यानंतर सव्वाशे वर्षांनी मोजली.

खडकाची गोष्ट

खडक समजल्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत, म्हणून इथे थोडे थांबू.

हा खडक सर्पेंटिनाइट. हिरवट-काळा, गुळगुळीत, हात फिरवला तर साबणासारखा, आणि सापाच्या कातीसारखी झाक असलेला. मुळात तो पृथ्वीच्या प्रावरणातला, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातला, पेरिडोटाइट नावाचा खडक होता. सुमारे ४५ ते ४८ कोटी वर्षांपूर्वी एक जुना समुद्र मिटत असताना समुद्रतळाचा आणि त्याखालच्या प्रावरणाचा तुकडा खंडाच्या काठावर ढकलला गेला. पाणी मुरून त्याचे सर्पेंटाइन झाले. क्रोमाइट मात्र चिवट. आजूबाजूचा दगड बदलला तरी ते बरेचसे तसेच राहिले.

आता क्रोमाइट दोन तऱ्हांनी सापडते. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्ड भागात ते थरांत आहे. एक थर कित्येक किलोमीटर जवळपास त्याच जाडीने चालतो, वहीच्या पानासारखा. तिथे एका ठिकाणी भोक पाडले की शेजारच्या शेताखाली काय असेल याचा अंदाज बांधता येतो. वुड खाणीतले क्रोमाइट दुसऱ्या तऱ्हेचे, शेंगांसारखे. प्रावरणातून वर चढणाऱ्या शिलारसाची भोवतालच्या खडकाशी प्रक्रिया होते आणि वाटेत क्रोमाइटचे गोळे साचतात. पुढे सगळा खडक मुडपला, ताणला, कापला जातो आणि त्या गोळ्यांच्या लांबट, तुटक शेंगा होतात. एखादी शेंग मुठीएवढी असते, तर एखादी घराएवढी. लाखात एखादीच वुड खाणीएवढी निघते. एक शेंग संपली की पुढची दहा फुटांवर असेल, हजार फुटांवर असेल किंवा नसेलही.

भुईमूग काढणाऱ्याला निदान वेल दिसतो, तो उपटला की शेंगा हाती येतात. इथे वर वेलच नाही.

आपल्याकडे कणकवलीजवळ जानवली आणि वागदे इथे क्रोमाइटचे लहान साठे नोंदलेले आहेत. लहान साठ्यांचे हेच दुखणे. ‘क्रोमाइट आहे’ हे वाक्य खरे असते आणि त्याने फारसे काही सिद्ध होत नाही. किती आहे, किती सलग आहे, लोह किती आणि क्रोम किती, या तीन प्रश्नांवर सगळे अडते. वुड खाणीचा माल या बाबतीत भाग्यवान होता. त्यात क्रोमिक ऑक्साइडचे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास होते.

अडचण

१८२७ मध्ये टायसन बेलएअर गावच्या बाजारात गेला होता. तिथे एका गाडीत सफरचंदाच्या सायडरचे पिंप होते आणि ते गडगडू नये म्हणून काळ्या दगडांची उटी लावली होती. टायसनने ते दगड ओळखले. ते हार्फर्ड परगण्यातल्या एका शेतातून आले होते, आणि मालकाच्या लेखी त्यांचा उपयोग उटीपुरताच होता.

ही हकीकत बाल्टिमोरच्या खाण-इतिहासात इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती थोडी गुळगुळीत झाली असणार. पण तिच्यातला पेच खरा आहे. बेअर हिल्स ही अपवादात्मक जागा नाही हे टायसनला त्या क्षणी कळले. दुसरीकडेही माल आहे, म्हणजे तिसरीकडे आणि चौथीकडेही असू शकतो. बेअर हिल्सच्या मालकीवर उभा असलेला त्याचा धंदा कोणीही मोडू शकत होता. शिवाय माल शोधायचे साधन काहीच नव्हते. क्रोमाइट मॅग्नेटाइटसारखे होकायंत्राची सुई हलवत नाही. डोळा, हातोडी आणि हातात घेतल्यावर जाणवणारे वजन, एवढीच सामग्री.

पर्याय

सरळ मार्ग होता तो माल विकत घेण्याचा. शेतकऱ्यांनी दगड वेचून आणावेत, टायसनने तोलून पैसे द्यावेत. भांडवल अडकत नाही, शेंग संपली तर नुकसान शेतकऱ्याचे. पण दगडाला पैसे मिळतात हे गावभर होते आणि पुढच्या आठवड्यात दुसरा व्यापारी दारात उभा राहतो.

दुसरा मार्ग सापडलेल्या जागेचे खनिजहक्क भाडेपट्ट्याने घेऊन तिथे व्यवस्थित खाण खोदण्याचा. आपल्याकडचा कोणताही खाणमालक बहुधा हेच करेल. धोका एवढाच की सगळा पैसा एका शेंगेवर लागतो.

तिसरा मार्ग माल सापडायच्या आधीच हक्क घेण्याचा, आणि तेही एका शेताचे नाही, सबंध पट्ट्याचे.

पहिला निर्णय: खड्डा नव्हे, पट्टा

टायसनने तिसरा मार्ग धरला. तो वेडेपणाचा ठरला नाही याचे कारण भूशास्त्रात आहे. क्रोमाइट जिथे जिथे मिळाले तिथे सर्पेंटाइन होते, हे त्याच्या लक्षात आले. आणि सर्पेंटाइनचा पट्टा ओळखायला खोदावे लागत नाही. या खडकावरच्या मातीत कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम बेसुमार आणि निकेल नको तितके असते. धान्य धरत नाही, मोठी झाडे तग धरत नाहीत. खुरटे गवत, मधूनच एखादे वाकडे ओक. तिथले लोक अशा माळांना ‘बॅरन्स’, म्हणजे वांझ जमिनी म्हणत. भोवताली हिरवी शेते आणि मध्येच हे टक्कल. वर वेल नाही असे मी म्हटले खरे, पण वेल नसणे हीच तिथली खूण होती.

या निर्णयाचे खरे मर्म भावात आहे. ज्या रसायनाने जमिनीखाली क्रोम ठेवले त्याच रसायनाने जमिनीचा भाव पाडला होता. वांझ माळ विकायला शेतकरी एका पायावर तयार. टायसनने मेरीलँडपासून पेनसिल्व्हेनियापर्यंत हा पट्टा धुंडाळला आणि कुठे जमीन, कुठे फक्त खनिजहक्क मिळवले. त्याच शोधात १८२८च्या आसपास ऑक्टोरारोच्या वळणावरची जागा हाती लागली. पट्टा घेतला नसता तर ही एक शेंग त्याला मिळाली असती की नाही, शंकाच आहे.

शेतकऱ्याला हे न्याय्य होते का? त्या काळच्या व्यापारी नीतीत विकत घेणाऱ्याने आपल्याला काय ठाऊक आहे ते सांगावे अशी अपेक्षा नव्हती. आजच्या वाचकाला ते खुपेल, मला खुपते. पण हक्कांवरून तंटे झाले ते वेगळ्याच मुद्द्यावर. १८३६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर एक खटला आला, त्यात एक पक्ष टायसनचा होता. जुन्या खरेदीखतात विकणाऱ्याने ‘कोणत्याही प्रकारचे खनिज वा मॅग्नेशिया’ स्वतःकडे राखून ठेवले होते. त्यात क्रोमाइट येते का, हा प्रश्न. खत लिहिताना क्रोमाइटचा विचार कोणाच्या मनात असणेच कठीण होते. न्यायालयाने ते त्यात येते असे ठरवले. खनिजहक्कांचे दस्त तयार करणाऱ्या वकिलांना हा निकाल पुढेही उपयोगी पडत राहिला. जमिनीचे कागद करताना ‘खनिज’ हा एकच शब्द लिहून मोकळे होणाऱ्यांनी तो आजही वाचावा.

खाणीचे काम

सुरुवातीला वरवरचे सुटे गोटे आणि ओढ्यातली काळी वाळू. क्रोमाइट जड असल्याने वाहत्या पाण्यात ती खाली बसते. लाकडी पन्हळीत वाळू धुऊन हलका भाग वाहू द्यायचा आणि जड भाग ठेवायचा, हे काम या पट्ट्यात अनेक ओढ्यांवर चाले. मग खड्डा, मग उभी विहीर, मग शेंगेच्या मागे मागे भुयारे. निघालेला माल हाताने निवडायचा आणि बैलगाड्या-घोडागाड्यांतून सस्क्वेहाना नदीवरच्या पोर्ट डिपॉझिट बंदरात न्यायचा. तिथून जलमार्गाने बाल्टिमोर किंवा थेट इंग्लंड.

१८२८ ते १८५० या काळात जगातले बहुतेक क्रोमाइट बाल्टिमोरच्या आसपासच्या या पट्ट्यातून जात होते, आणि त्यातही मोठा वाटा वुड खाणीचा. टायसनच्या हातात जवळजवळ मक्तेदारी होती.

दुसरा निर्णय: कच्चा माल की रसायन

इतकी वर्षे दगड इंग्लंड-स्कॉटलंडला जात होता आणि डायक्रोमेट होऊन परत अमेरिकेत येत होता. आपल्या कापसाची आठवण यावी असे हे चक्र. १८४५ मध्ये टायसनने बाल्टिमोरच्या बंदरावर बाल्टिमोर क्रोम वर्क्स सुरू केले. पद्धत अशी: क्रोमाइट दळायचे, चुना आणि पोटॅश मिसळून भट्टीत भाजायचे, मग पाण्याने धुऊन पिवळा क्रोमेट काढायचा. सांगायला सोपे, जमवायला अवघड. त्याने येलमधून शिकलेला रसायनतज्ज्ञ कारखान्यात आणला. त्या काळातल्या अमेरिकी कारखानदाराने विद्यापीठाचे दार ठोठवावे हे नवलाचेच होते.

माझ्या मते खाणीपेक्षा हा निर्णय अधिक दूरदृष्टीचा. खाणीत शेंग केव्हा संपेल ते ठाऊक नसते. कारखान्याला दगड कुठूनही आणता येतो. पुढे नेमके तेच झाले.

तिसरे वळण: तुर्कस्तान

लॉरेन्स स्मिथ नावाचा अमेरिकी रसायनतज्ज्ञ ऑटोमन सरकारच्या बोलावण्यावरून तुर्कस्तानात गेला होता. १८४८ मध्ये त्याला बुर्सा शहराजवळ क्रोमाइट सापडले. खडक तोच, सर्पेंटाइन. शेंगा मात्र मोठ्या, उथळ आणि मजुरी स्वस्त. मक्तेदाराने भाव चढा ठेवला की दूरदेशीच्या दगडालाही जहाजाचे भाडे परवडते. पुढच्या वीस वर्षांत तुर्की मालाने बाजार बळकावला.

वुड खाणीपुढे आता दोन वाटा होत्या. खोल जावे किंवा थांबावे. खोल जाणे म्हणजे जास्त पाणी उपसणे, जास्त लाकूड, प्रत्येक टनामागे वाढता खर्च, आणि शेजारच्या शेंगा शोधायला कसलेही साधन नाही. खाण मध्येच थांबत, मध्येच चालू होत सातशे फुटांखाली पोचली आणि १८८०च्या आसपास थांबली ती थांबलीच. टायसन स्वतः १८६१ मध्येच वारला होता. कारखाना मात्र आयात मालावर चालत राहिला.

निष्पत्ती

पैशाच्या हिशेबात हे यशस्वी प्रकरण आहे. एका छोट्या खाणीने आणि तिच्याभोवतीच्या हक्कांनी वीस-बावीस वर्षे जग चालवले आणि त्यातून उभा राहिलेला कारखाना खाणीपेक्षा शंभर वर्षे जास्त जगला.

दुसरा हिशेब कारखान्याच्या खतावणीत कधी आला नाही. भट्टीत क्रोमाइट भाजले की त्यातले निरुपद्रवी त्रिसंयुजी क्रोमियम षट्संयुजी होते. ते पाण्यात विरघळते, नाकाचा पडदा खाते आणि कर्करोगकारक आहे. ग्लासगोजवळच्या रदरग्लेनमधल्या क्रोम कारखान्यातल्या कामगारांच्या नाकांना पडणाऱ्या भोकांबद्दल केअर हार्डी या मजूर नेत्याने १८९९ मध्ये पत्रके काढली होती. म्हणजे माहिती नव्हती असे म्हणायला जागा नाही. बाल्टिमोरचा कारखाना मालक बदलत १९८५ पर्यंत चालला. बंद झाला तेव्हा खालची जमीन आणि भूजल षट्संयुजी क्रोमियमने भरले होते. १९८९ मध्ये शासनाशी करार झाला, जमिनीखाली भोवताली भिंत बांधली, वर जाड थर चढवला आणि पाणी उपसत राहण्याची सोय केली. आज त्यावर उंच कार्यालयीन इमारती आहेत. उपसा थांबवता येत नाही.

आणि एक उपकथा युद्धाची. पहिल्या महायुद्धात जहाजे मिळेनात आणि परदेशी क्रोमाइट आटले. भाव भडकले. मग मेरीलँडमधल्या सोल्जर्स डिलाइट नावाच्या माळावरची एक जुनी, छोटी खाण १९१७च्या सुमारास पुन्हा उघडली गेली. कॅलिफोर्निया आणि ओरेगनमध्ये तर अनेक लहान खाणवाल्यांनी सरकारी आवाहनावर भरवसा ठेवून पैसे घातले. नोव्हेंबर १९१८ मध्ये शस्त्रसंधी झाली आणि भाव कोसळला. या लोकांची भरपाई करायला मार्च १९१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसला कायदा करावा लागला. क्रोमाइट तेच, खड्डाही तोच. मधल्या अठरा महिन्यांत बदलला तो फक्त भाव, आणि शेंगेच्या खाणीचे आयुष्य त्या भावाएवढेच.

काय वेगळे करता आले असते

पट्टा घेण्याच्या निर्णयात मी काही बदल सुचवणार नाही. मात्र शेतमालकांना एकरकमी पैशांऐवजी टनामागे रॉयल्टी दिली असती तर खटले कमी झाले असते, आणि माल कुठे दिसतो ते सांगायला शेतकरी आपणहून आले असते. शेंगांच्या शोधात स्थानिक डोळ्यांइतके स्वस्त उपकरण नाही.

भावाबद्दल मात्र माझे स्पष्ट मत आहे. मक्तेदारीच्या काळात भाव थोडा उतरता ठेवला असता तर तुर्की माल आला नसता असे नाही, पण उशिरा आला असता. टायसनच्या बाजूने एवढे म्हणता येईल की १८४८ आधी तुर्कस्तानात एवढे मोठे साठे आहेत हे बाजाराला ठाऊक नव्हते. पण जिथे सर्पेंटाइन तिथे क्रोमाइट, हा नियम त्याने स्वतःच शोधला होता. सर्पेंटाइन फक्त पेनसिल्व्हेनियात असेल असे त्याने का धरले?

आज हीच खाण कोणी चालवायला घेतली तर पहिले काम गुरुत्वमापनाचे. क्रोमाइटची घनता साडेचारच्या आसपास, सर्पेंटाइनची अडीचच्या जरा वर. फरक मोठा आहे, त्यामुळे उथळ शेंग संवेदनशील गुरुत्वमापकाला जाणवू शकते. क्युबातल्या कामाग्वे भागात १९५०च्या दशकात याच पद्धतीने शोध घेतला गेला. तरीही ती दर वेळी लागू पडत नाही. दरीखोऱ्याचा प्रदेश असेल, शेंग लहान किंवा खोल असेल, तर भोक पाडल्याशिवाय गत्यंतर नाही. कणकवलीसारख्या ठिकाणी जांभ्याचा जाड थर वर असताना तर आणखीनच.

कारखान्याच्या बाबतीत बदल करायची वेळ एकदा नव्हे, अनेकदा आली होती. नाकांना भोके पडत होती तेव्हा पहिली. राख आणि चोथा बंदरात भराव म्हणून टाकला जात होता तेव्हा दुसरी. चोथा वेगळा साठवायचा खर्च तेव्हा किरकोळ ठरला असता.

सोल्जर्स डिलाइटचा माळ आता संरक्षित आहे. खाणकाम थांबल्यावर गुरे गेली, वणवे थांबले आणि त्या वांझ जमिनीवर पाइनची झाडे घुसू लागली. आता वनखात्याची माणसे ती झाडे कापतात, ठरवून आग लावतात, कारण झाडे वाढली तर सर्पेंटाइनवरच जगणाऱ्या दुर्मिळ वनस्पती मरतात. आणि ऑक्टोरारोच्या वळणावरच्या जुन्या ढिगाऱ्यातला माल आजही विकला जातो, पण गाडीभर नाही. हिरवा झॅराटाइट, जांभळा कॅमेरेराइट, पांढरट ब्रुसाइट. संग्राहक हातभर कापसात गुंडाळून एकेक तुकडा नेतात.